नायकाच्या कोटातला फाउल

सिनेमात पूल खेळणारा माणूस कसा असतो, हे मला तोंडपाठ आहे. तो आधी एका बाजूने हसतो. मग क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला खडू असा घासतो, जणू सात पिढ्यांचं वैर उगवायचंय. शॉट मारताना बॉलकडे बघत नाही, समोरच्या बाईकडे बघतो, आणि तरी तीन बॉल तीन पॉकेटांत जातात. हरलेला माणूस चाकू काढतो. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात क्यू मोडतो. आणि हा सगळा कारभार तळघरात चालतो, धुरात.

माझा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, फर्निचरच्या दुकानाच्या वर. सहा टेबलं आणि चार मोठ्या खिडक्या. दुपारी येणाऱ्यांत निम्मे निवृत्त. एक दाताचे डॉक्टर आहेत, ते शॉट मारताना जीभ बाहेर काढतात. एक शिंपी आहेत, त्यांची कंबर वाकलेली राहिली की खेळ थांबवून आम्ही दोघं-तिघं मिळून त्यांना सरळ करतो. चाकू आमच्याकडे एकच आहे, टेबलाचं हिरवं कापड बदलताना कापायला लागतो तो.

त्यामुळे सिनेमात पूल आला की मी बायकोचं डोकं खातो. "अगं, काळा बॉल आधी गेला! हरला की हा!" ती म्हणते, "तुम्ही जरा गप्प बसा, ती रडतेय कशाला ते कळू द्या." मीही रडतच असतो, फक्त कारण वेगळं असतं. क्यू डोक्यात मोडला की मी नेहमी म्हणतो, असं कुठे होतं का? त्या वेळी मात्र बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

हे असंच चालून गेलं असतं, पण मुलीचं लग्न निघालं. तिनं स्वतःच जमवलं. मुलगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, शांत आहे, माझे विनोद पूर्ण होईपर्यंत थांबतो. अडचण त्याच्या आईची होती. गणिताच्या निवृत्त बाई. परीक्षेच्या हॉलमध्ये त्या नुसत्या चालत गेल्या तरी मुलं खिशातल्या चिठ्ठ्या गिळत, अशी त्यांची ख्याती. मी मनात त्यांना विहीणबाई म्हणायला पहिल्या दिवसापासून सुरुवात केली होती. लग्न मुलीचं आणि गुडघ्याला बाशिंग माझ्या, असा प्रकार.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "तुमचा व्यवसाय?"

"पूलचा हॉल आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे सिनेमात असतो तसा?"

"छे छे! सिनेमावाल्यांना काय कळतंय?"

"मारामाऱ्या होत असतील."

"बावीस वर्षांत एकही नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. एक झाली होती, बारा वर्षांपूर्वी, आणि क्यू माझ्याच हातात होता. मार खाणारा माझा मेहुणा, बायकोचा एकुलता एक भाऊ. तेव्हापासून तो माझ्या घरी आलेला नाही आणि मी त्याच्या. बायको वर्षातून दोनदा एकटी जाऊन त्याला भेटते आणि आल्यावर सांगत नाही, मी विचारत नाही. त्या दिवशी विहीणबाईंसमोर ती आपल्या बशीकडे बघत बसली होती.

विहीणबाई "कळवते" म्हणाल्या. तीन आठवडे झाले तरी कळवलं नाही. मुलगा म्हणाला, आईला दुखवून करणार नाही. मुलगी मला म्हणाली, "बाबा, माझ्यात काही खोट काढली असती ना, तर मी बघून घेतलं असतं. पण तुमच्या हॉलचं मी काय करू?" ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बोलली आणि कामावर गेली. मला जेवण गेलं नाही.

तेवढ्यात सिनेमावाले आले. त्यांना शेवटच्या प्रसंगासाठी हॉल हवा होता. दिग्दर्शक तरुण होता, डोक्यावर उलटी टोपी. मी त्याला सिनेमातल्या चुका ऐकवायला बसलो. पाऊण तासाने तो म्हणाला, "सर, तुम्हीच आमचे तज्ज्ञ. आपण सगळं अगदी खरं दाखवू." तज्ज्ञ! आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला हा शब्द लावला होता. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि वरूनच विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, शूटिंगला या, आमचा हॉल कसा आहे ते डोळ्यांनी बघा.

मूर्खपणाची स्पर्धा असती तर त्या दिवशी ट्रॉफी मलाच मिळाली असती.

सकाळी दहाला बाई जिना चढून वर आल्या तेव्हा माझ्या चारही खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं होतं. कोपऱ्यात एक यंत्र भसाभसा धूर सोडत होतं. लाल दिवे लावले होते. माझ्या तीन नंबरच्या टेबलावर एक मुलगी पाय सोडून बसली होती. मी बावीस वर्षांत कोणाला टेबलावर कोपरसुद्धा टेकू दिलेलं नाही. भिंतीपाशी आठ गुंड वडे खावेत तशी बिस्किटं खात होते, आणि खलनायक थर्माकोलचा क्यू एकाच्या डोक्यात घालायची तालीम करत होता.

"हे सगळं खोटं आहे," मी घाईने म्हणालो.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. माझी 'तज्ज्ञ' असा कागद चिकटवलेली खुर्ची होती. बायकोने ती पुसून त्यांना बसायला दिली आणि स्वतः चहाच्या किटलीपाशी जाऊन उभी राहिली. बाईंनी पर्स मांडीवर घेतली. परीक्षा सुरू झाल्यासारखं मला वाटलं आणि माझा अभ्यास झालेला नव्हता.

दुपारपर्यंत नायकाचं हसून झालं, खडू घासून झाला, क्यू तीन डोक्यांवर मोडून झाला. उरला तो विजयाचा शॉट. काळा बॉल दोन कडांना आपटून कोपऱ्यातल्या पॉकेटात जायचा आणि पांढरा सावकाश परत येऊन नायकासमोर थांबायचा. कॅमेरा हातावरून निघून काळ्यामागे जाणार आणि पांढऱ्याबरोबर परत येणार, मध्ये कुठे तोडायचं नाही. नायकाने सहा वेळा मारला. सहाव्यांदा बॉल टेबलावरून उडून किटलीला लागला. दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "सर, हात तुमचे घेऊया."

माझा शर्ट काढून मला नायकाचा चामड्याचा कोट घातला. नायक सहा फुटी. मी उभा राहिलो की नक्की कोणी उभं आहे का, असं लोक विचारतात. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. आरशात बघितलं तर पावसात सापडलेली छत्री दिसली.

मी विहीणबाईंकडे बघून जरासा हसलो. एका बाजूने हसलो, हे मला नंतर कळलं.

पहिला चुकला. दुसरा चुकला. पाचव्यानंतर दिग्दर्शकाने मला 'सर' म्हणणं सोडलं. नवव्याला गुंडांपैकी एकाने "काका, आरामात" असा धीर दिला. असा शॉट मी मोकळ्या वेळात दहातून चारदा घालतो, आणि लोकांना सांगताना आठदा सांगतो. चौदा वेळा चुकला. घाम कोटाच्या आतून वाहत होता. बाई खुर्चीत ताठ बसून मोजत होत्या, याची मला खात्री होती.

पंधराव्याला क्यू पुढे सरकला तेव्हाच कळलं की हा जाणार. हे खेळणाऱ्याला आधी कळतं, बॉलला नंतर. काळा एका कडेला लागला, दुसऱ्या कडेला लागला आणि पॉकेटात असा गेला की कुणी हात धरून नेला असावा. पांढरा वळला आणि अगदी सांगितल्यासारखा सावकाश परत येऊ लागला.

आणि मी उभा राहिलो, येणारा पांढरा बॉल उचलला आणि म्हणालो, "फाउल. माझा."

आमच्यात रीत आहे. खेळताना कपडा किंवा हात दुसऱ्या बॉलला लागला तर ज्याचा लागला त्यानेच सांगायचं. पंच नसतो, समोरचा लांब बसलेला असतो, त्याला दिसत नाही. आपण सांगायचं, पांढरा बॉल उचलायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. माझ्या लोंबत्या बाहीने पिवळ्या बॉलला जाता जाता ढकललं होतं. मी विचार केलाच नाही. शिंकेसारखं झालं ते. मी चालत जाऊन पांढरा बॉल खलनायकाच्या हातात दिला. तो बिचारा भला माणूस, "थँक्यू" म्हणाला, आणि मग त्याने दिग्दर्शकाकडे बघून विचारलं, "मी आता काय करू?"

"कट!" दिग्दर्शकाने टोपी फेकली. "काय केलंत हे? गेला होता ना बॉल!"

"पिवळा हलला."

"किती?"

मी बोटांनी दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

"कोणी बघितलं?"

"मी."

त्याने टोपी उचलून झटकली. मग म्हणाला, शॉट कॉम्प्युटरवर करू. माझ्या अंगातून कोट काढला गेला. गुंड हसत होते, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. तासाभरात दिवे गेले, यंत्र गेलं, खिडक्यांवरचं कापड निघालं आणि हॉलमध्ये रोजचा उजेड आला. त्या उजेडात मी बनियनवर उभा होतो आणि विहीणबाई अजून खुर्चीतच होत्या.

"इकडे या," त्या म्हणाल्या.

मी शर्ट चढवत गेलो. बटणं एकेक घर चुकली.

"हे तुम्ही मला दाखवायला केलंत का?"

"नाही हो. दाखवायचं असतं तर कॅमेऱ्याला दाखवलं असतं. मला तर सिनेमात यायचं होतं."

"चौतीस वर्षं मी परीक्षेचे वर्ग सांभाळले," त्या म्हणाल्या. "शेकडो मुलं पकडली. पण एकही पोर असं उभं राहिलं नाही, की बाई, मी बघून लिहिलं. एकही नाही."

इथे शहाण्या माणसाने मान खाली घालून गप्प बसायचं असतं. गाडी रुळावर येत होती, मला नुसतं आत बसून राहायचं होतं. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण एकदा तोंड उघडलं की माझं असं होतं, मला बंद करता येत नाही.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो."

किटलीपाशी कप वाजला.

"इथे एकदा मारामारी झाली होती. बारा वर्षांपूर्वी. क्यू माझ्या हातात होता. पाठीत घातला आणि मोडला. सिनेमात दाखवतात अगदी तसाच. उगाच त्यांना नावं ठेवतो मी."

"कोणाच्या पाठीत?"

"मेहुण्याच्या. हिच्या भावाच्या."

बाईंनी बायकोकडे बघितलं. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती.

"कशावरून?"

हे सांगायची मला खरोखर लाज वाटली. "त्याचं मनगट बॉलला लागलं होतं. मी बघितलं होतं. तो म्हणाला, नाही लागलं."

बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, चिडल्या. मग कळलं की त्या हसतायत, आवाज न करता, वर्गात हसू येऊ नये म्हणून आयुष्यभर दाबल्यावर माणूस हसतो तसं. त्यांनी रुमालाने डोळे टिपले. पुन्हा बाई झाल्या.

"माफी मागितलीत?"

"नाही. त्यानंही अजून कबूल केलेलं नाही."

"ते त्याचं तो बघेल. तुम्ही तुमचं सांगा. बारा वर्षं झाली, तुमचा फाउल कोण सांगणार?"

बावीस वर्षं मी दुसऱ्यांना ही रीत शिकवत होतो, आणि तांदळाच्या दाण्याएवढा बॉल हलला तर हात वर करणाऱ्या मला, मोडलेल्या क्यूचं कधी काही वाटलं नव्हतं. खरं तर वाटलं होतं. पहिल्याच दिवशी वाटलं होतं. सांगितलं नव्हतं एवढंच.

बाई उठल्या. पर्स खांद्याला लावली. "मुलीला मामा एकच का?"

"एकच."

"मग लग्नाला मामा नको का तिला? आधी त्याला फोन लावा. तारखेचं आपण नंतर बोलू."

त्या जिन्यापर्यंत पोहोचल्या तेव्हा कुठे 'लग्न' हा शब्द माझ्या डोक्यात शिरला. मी खिशातून फोन काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. मेहुण्याचा नंबर त्यात नव्हता, मीच कधीतरी पुसून टाकला होता.

"सांगतेस का जरा?" मी बायकोला म्हणालो.

तिनं हातातला कप खाली ठेवला नाही, आपला फोनही काढला नाही. खिडकीतून बाहेर बघत तिनं दहाच्या दहा आकडे सांगितले, मधल्या एका आकड्याला तिचा आवाज फाटला, आणि मी लिहायला चुकलो तेव्हा तिनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितले.