ठळक अक्षरांमागचे दूध

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. काच तळहातावर मावेल एवढी, दांडा काळ्या लाकडाचा. कारखान्यात ओल्या चाकावर घासून घासून मला गोलाई दिली गेली. तिथून मी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे आले. तिळाएवढा स्क्रू असो की केसाएवढी स्प्रिंग, माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे. "हा माझा तिसरा डोळा," असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. पुढे त्यांचे हात कापू लागले, दुकान बंद झाले. मी बटणांच्या आणि रिकाम्या रिळांच्या खणात धूळ खात पडले.

तिथून मला त्यांच्या सुनेने बाहेर काढले. तिच्या मुलीला, म्हणजे चिमीला, दुधाचे वावडे होते. वावडे म्हणजे नावड नव्हे. दुधाचा अंशही पोटात गेला तरी तिचे ओठ सुजत, श्वास अडके. आईने मला पर्समध्ये, श्वास अडकलाच तर टोचायच्या इंजेक्शनच्या शेजारी ठेवले आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. पाव, बिस्किटे, चिप्स, दिसेल ते पाकीट उलटायचे आणि मागची बारीक अक्षरे वाचायची. दूध तिथे स्वतःच्या नावाने थोडेच येते? कधी ते 'व्हे' असते, कधी 'केसिन'.

"बाई, पाकीट घेताय की हिरा पारखताय?" दुकानदार विचारी.

"पाकीटच. हिरा घरी आहे," आई म्हणे.

एका रविवारी चिमीच्या आत्याने सगळ्यांना जेवायला बोलावले. आत्या ही चिमीच्या बाबांची थोरली बहीण. माया खूप, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

"आज चिमीला वेगळं ताट नाही," ती म्हणाली. "सूप दाट करायला मी मुद्दाम दूधविरहित पावडर शोधून आणलीय. बघ, केवढ्या ठळक अक्षरात लिहिलंय."

"ताई, डब्याची मागची बाजू जरा बघू?"

"म्हणजे आता माझ्यावरही विश्वास नाही?"

आईची बोटे पर्समध्ये येऊन माझ्या दांड्याला लागली होती. पण चार माणसांत नणंदेला दुखवायचे कसे? बोटे मागे सरली. चेन ओढली गेली. मी अंधारात नुसते तळमळत राहिले. बाहेर चमचे वाजत होते. "आत्या, अजून दे," चिमी म्हणाली. मग ती खोकली. पुन्हा खोकली.

"आई, घसा कसातरीच होतोय."

पर्स उघडली. मला बाजूला सारून आईने इंजेक्शन उचलले आणि चिमीच्या मांडीत टोचले. बाबांनी तिला उचलून गाडीत घातले.

दवाखान्यात चिमीचा श्वास सुरळीत झाला, तेव्हा आत्याच्या हातात तो डबा तसाच होता. आईने मला त्याच्या मागच्या बाजूवर धरले. 'सोडियम केसिनेट.' मी ते शब्द स्वच्छ, मोठे करून दाखवले. जेवणाआधी दाखवायला हवे होते तसेच.

"हे दुधातल्याच प्रथिनापासून करतात," डॉक्टर म्हणाले. "दूधविरहित लिहिलेल्या पावडरीतही असू शकतं. पुढच्या बाजूची ठळक अक्षरं वाचून थांबायचं नाही."

"मी तिच्यासाठीच आणली होती गं," आत्या एवढेच बोलली.

"आणि मी भिडेपोटी गप्प बसले," आई म्हणाली.

त्यानंतर आत्याचे येणे-जाणे थांबले. फोनवरही दोघी जेवढ्यास तेवढे बोलत. मग एका दुपारी आत्या भली मोठी पिशवी घेऊन आली आणि तिने ती टेबलावर रिकामी केली.

"माझ्या स्वयंपाकघरातली सगळी पाकिटं आहेत. मला वाचायला शिकव."

दोघी एकमेकींच्या डोक्याला डोके लावून बसल्या. मी या हातातून त्या हातात जात होते. "अगं, सॉसेजमध्येसुद्धा?" आत्या पुटपुटली आणि आईला खूप दिवसांनी हसू आले.

परवा एका मैत्रिणीच्या घरी चिमीने मला हातात धरून केकचे खोके वाचायला मागितले. तिथल्या काकूंचा चेहरा उतरला. चिमीला सोडायला आलेली आत्या दारातच थांबली होती.

"द्या हो तिला," ती शांतपणे म्हणाली. "ती तुम्हाला नावं ठेवत नाहीये."

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसलीत, तर मी अजून बरीच वर्षे कामाला येईन. पण मी सगळीकडे पोहोचू शकत नाही. म्हणून कुणी तुमच्याकडे पाकीट मागितले, तर कपाळाला आठी न घालता द्या. घाई करू नका. त्याचे वाचून होईपर्यंत तुमचाही घास हातातच राहू द्या.