आचाऱ्याची खुर्ची

रोह्याहून पेणला येईपर्यंत सुमय्याने भाषण इतक्यांदा घोकलं, की शेजारी बसलेल्या हसननानांनाच ते तिच्याहून जास्त पाठ झालं. नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. चोवीस वर्षं फौजेत काढलेली, आज कोटावर दोन पदकं. चौदा जानेवारी, माजी सैनिक दिन! सभागृहातल्या स्टेजवर नानांची खुर्ची असणार, हे तिने महिनाभर अख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं.

दारातच दत्तात्रेय सरांनी अडवलं. कार्यक्रम त्यांच्या हातात होता, आणि ते कुणाला तसं विसरूही देत नव्हते.

"कुठल्या लढाईत होता, चाचा?"

"लंगरात व्हतो साहेब. पलटणीचा सैपाक."

"म्हणजे आचारी!" सरांनी यादीतलं नाव खोडलं. "स्टेजवर लढलेले बसणार हो. तुम्ही असं करा, संक्रांतीमुळे चहावाला आलेला नाही. तेवढं मागे बघा."

सुमय्याची कानशिलं तापली. "सर, नानांकडे माजी सैनिकाचं ओळखपत्र आहे!"

"तू भाषणाचं बघ. फार बोलतेस."

आणि नाना? नाना चक्क बाह्या सरसावून मागे निघाले! तिला सरांपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला.

"नाना, जाऊ नका ना!"

"गप गो. साठ माणसं बसलीत तोंड सुकवून."

तिचं नाव पुकारलं गेलं. शाळेतल्या नमिता मॅडमनी तपासून दिलेल्या कागदावर 'रणांगण' हा शब्द सात वेळा होता. तिने त्या कागदाची घडी घातली आणि मुठीत दाबली.

"आजच्या तारखेला आपण कुठली लढाई जिंकलो? सांगा कुणीतरी!"

ती माईकच्या आणखी जवळ सरकली.

"कुठलीच नाही! कुणी शहीदही झालं नव्हतं. जनरल करिअप्पा, आपल्या लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख, ते १९५३ साली आजच्या दिवशी निवृत्त झाले. नोकरी पुरी केली, घरी गेले. बस्स! म्हणून हा दिवस. नोकरी पुरी करून घरी आलेल्या सगळ्यांचा. बंदूकवाल्याचा, ड्रायव्हरचा, न्हाव्याचा. आणि लेहच्या बर्फात पहाटे तीनला उठून दीडशे माणसांची डाळ शिजवणाऱ्याचाही! तो माणूस आत्ता मागे तुमचा चहा उकळतोय, कारण ह्या सरांनी..."

माईक बंद पडला. बंद पडला कसला, सरांनी बटण दाबलं.

"उतर खाली," सर दात आवळून म्हणाले. "भाषणाच्या बक्षिसाच्या यादीतून नाव काढीन."

"काढा!" माईकशिवाय तिचा आवाज आणखीच लांब गेला. "नानांना वर बसवा, मग उतरते."

"खुर्च्या संपल्या."

तेवढ्यात स्टेजवरच्या पहिल्या खुर्चीतले सखा हवालदार उठले. भरघोस पांढऱ्या मिशा, हातात काठी. "मी बी फौजेत आयुष्यभर ट्रकच हाकला मास्तर. मी उतरू काय? का गाडी धुवायला हवी तुमची?"

मागच्या रांगेत हशा पिकला. सरांचे कान लाल झाले. हवालदारांनी काठीने सरांचीच गादीवाली खुर्ची ओढून पुढे घेतली.

नाना हात पुसत दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"साहेब," ते म्हणाले, "पोरगी बोलली त्ये बरोबर. मी निवृत्त हाय. चहा तुमी बघा."

आणि ते वर चढले, गादीवर बसले. सुमय्याने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की तळहात चुरचुरले. एकटीनेच. बाकीच्यांना सुचायला जरा वेळ लागला.

माफी कुणी मागितली नाही. पाव तासाने सर स्वतः ट्रे घेऊन आले, कपाळावर आठ्यांचं जाळं, चहाला करपट वास. नानांपुढे कप आपटलाच म्हणायचा.

नानांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला.

"पलटणीत असला चहा पाजला असता ना साहेब, तर मला चोवीस वर्षं कुणी ठेवला नसता."