शेवटची चक्कर

"हाय. अजून हलतंयच," हुसेनभाई म्हणाले आणि त्यांनी गाडी पुन्हा गॅरेजात घेतली.

वसीमने हातातलं फडकं टायरवर आपटलं. सकाळपासून ह्याच गाडीची पुढची चाकं त्याने दोनदा काढून बसवली होती.

गाडी शिराळ्याच्या लालासाहेबांची. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. गाडीही बुटासारखी लख्ख ठेवलेली. पण गेला महिनाभर ब्रेक दाबला की पुढून कर्रकर्र आवाज यायचा आणि स्टेअरिंग थरथरायचं. गावाकडच्या मिस्त्रीने टायर बदलून पाहिले. काही फरक पडला नाही, तेव्हा सुभेदारांनी नेहमीप्रमाणे सांगली गाठली. हुसेनभाईंनी मार्केट यार्डामागच्या रस्त्याने एक चक्कर मारली आणि गाडीतून उतरता उतरताच सांगून टाकलं.

"पॅड संपल्यात, म्हणून आवाज. आन डिस्क वाकडी झालीया, म्हणून हादरा. टायर बिचारं काय करतंय?"

"म्हंजे रोग रेड्याला आन औषध पखालीला," सुभेदार हसले.

नवे पॅड आले, नव्या डिस्क आल्या. आवाज गेला. हादरा मात्र हुसेनभाईंच्या हाताला लागतच राहिला. मग चाकांचं बॅलन्सिंग झालं. गाडीखाली शिरून वसीमने एकेक जोड पहारीने हलवून पाहिला. केसाएवढी ढिलाई कुठे नव्हती.

"अब्बा, एकदा मी चालवून बघू का?"

"माझ्या हाताला घावंना, ते तुझ्या हाताला घावणार व्हय रं?"

वसीमने पहार बाजूला ठेवली. दोन लेकरांचा बाप झालेला हा मुलगा. कंपनीच्या वर्कशॉपात कित्येक वर्षं काढून आलेला. पण इथला दंडक त्यालाही चुकला नव्हता. काम कुणीही करो, शेवटची चक्कर हुसेनभाईंची. स्टेअरिंगवर बोटं टेकवून ते गाडी एकदा फिरवून आणत आणि "बरी हाय" म्हणत. त्या दोन शब्दांशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे. म्हातारा हट्टी खरा, पण गिऱ्हाईकं त्या हट्टासाठीच लांबून यायची.

आज तर हट्टाला कारणही होतं. सुभेदारांच्या बायकोच्या, मनुबाईंच्या, मणक्याचं ऑपरेशन सांगलीतच झालेलं. आज त्यांना घरी न्यायचं होतं.

"डाक्टरनी बजावलंय, हादरा बसता कामा न्हाई," सुभेदार घड्याळाकडे बघत म्हणाले. "हुसेनभाई, दुसरी गाडी सांगू का?"

हुसेनभाईंना ते फार लागलं. दर नागपंचमीला मनुबाईंकडून पुरणाच्या दिंडांचा डबा यायचा. त्या बाईला आपल्या हातच्या गाडीतून घरी जाता येऊ नये?

"आवं सुभेदार, थांबा जरा. तुमी चालवा. मी बाजूला बसून हुडकतो."

वसीम मागे बसला. यार्डामागचा रस्ता मोकळा होता. हळदीचा वास काचेतून आत येत होता. सुभेदारांनी वेग घेतला, ब्रेक दाबला, पुन्हा वेग घेतला.

"मला तर काय जाणवंना गड्या."

"जाणवंना? ह्ये बघा." हुसेनभाईंनी पुढच्या डॅशबोर्डावर पंजा टेकवला. पंजा थरथरत होता. "दिसलं? ठिवा तुमचा हात."

सुभेदारांनी गाडी हळू केली आणि डावा हात शेजारी ठेवला.

दोन हात एकाच पट्टीवर होते. सुभेदारांचा पंजा जागच्या जागी पडून होता. हुसेनभाईंचा थरथरत होता. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं, मग आपला हात सावकाश उचलला. कशालाही न टेकता, हवेतसुद्धा तो तसाच थरथरत राहिला.

गेले काही महिने बशीतला चहा सांडत होता, तेव्हा त्यांनी बशीला नावं ठेवली होती. नट आट्यावर बसेना, तेव्हा आटे खराब म्हणून नट फेकून दिले होते. आता नावं ठेवायला काही उरलं नव्हतं. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

सुभेदारांनी हात काढून घेतला. समोर बघत ते जरा मोठ्यानेच म्हणाले, "रस्ताच खराब हाय हितला. लय खराब."

"न्हाई सुभेदार," हुसेनभाई म्हणाले. "रस्ता चांगला हाय. गाडी बी चांगली हाय. सकाळधरनं मीच पखालीला औषध पाजतोय."

मागच्या सीटवर वसीमने मान खाली घातली. सुभेदारांनी गाडी गॅरेजाकडे वळवली.

सुभेदार उतरून किल्ली खिशात घालायला निघाले, तसा हुसेनभाईंनी हात पुढे केला. थरथरता हात, लपवला नाही.

"आजून चक्कर व्हायची हाय. तशी गाडी जात न्हाई हितनं."

किल्ली त्यांच्या तळव्यात वाजली. ती त्यांनी मुठीत घट्ट धरली आणि मग वसीमसमोर धरली.

"तू मार."

"अब्बा, तुमीच—"

"मार म्हणतोय न्हवं! वहिनी वाट बघत असतील."

वसीम स्टेअरिंगवर बसला. हुसेनभाई वळसा घालून डाव्या बाजूने आत बसले. इतक्या वर्षांत पोराच्या शेजारी ते असे कधी बसले नव्हते. वसीमने स्टेअरिंगवर नुसती बोटं टेकवली. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. फाटकात उभा राहून तो ते बघत आला होता.

यार्डाच्या वळणाअलीकडे त्याने ब्रेक दाबला. त्याच क्षणी हुसेनभाईंचा उजवा पायही खाली गेला, पुढच्या रबरी चटईवर. गाडी आवाज न करता सरळ रेषेत थांबली.

"कशी हाय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न आजवर सगळे त्यांना विचारत आले होते.

वसीमने थोडा वेळ घेतला. घाईने उत्तर द्यायचं नसतं, हेही तो बघूनच शिकला होता.

"बरी हाय, अब्बा."

"मग चल, सुभेदारांला दिऊन टाक," हुसेनभाई म्हणाले. त्यांचा पाय अजून चटई दाबूनच होता.