शंभर भरले

मी टकटक्या बोलतोय. माझं खरं नाव कारखान्यात पाठीवर ठोकलंय, पण ते वाचायला मला उलटं करावं लागतं आणि तेवढी सवड आहे कुणाला? रक्त तपासायच्या एका लहानशा प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाच्या उजव्या हाताला माझी जागा. डॉक्टरबाई भिंगाला डोळे लावून काचेवरच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघतात आणि दिसेल त्या जातीची माझी कळ दाबतात. टक, टक, टक. वरच्या इवल्या खिडक्यांत आकडे सरकतात आणि सगळे मिळून शंभर झाले की मी घंटा वाजवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही मला शहाणा समजाल. मला पेशी दिसत नाहीत. मी बोट मोजतो. बोट खरं बोललं तर मी खरा, बोट खोटं बोललं की मीही खोटा.

माझ्या पाच कळा रोजच्या राबत्याच्या. त्यांच्यावरची अक्षरं केव्हाच पुसली. टोकाची सहावी मात्र कोरी करकरीत. तिच्यावर बाईंनी चिकटपट्टी लावून 'ब्लास्ट' असं लिहिलंय. ब्लास्ट म्हणजे अर्धवट वाढलेल्या पेशी. त्यांनी हाडांच्या मज्जेतच राहायचं असतं. त्या रक्तात घोळक्यानं फिरताना दिसल्या की समजायचं, रक्ताचा कॅन्सर. आमच्याकडे असं क्वचितच व्हायचं, म्हणून ती कळ कडक झाली होती. ती कडकच राहावी असं मला वाटायचं. माणसांनी बटणाला आणि वेदनेला एकच शब्द का ठेवला, हे मला त्या कळीनं शिकवलं.

इथं येणाऱ्या माणसांची एक गंमत बघून ठेवलीय मी. रिपोर्टाचं पाकीट हातात पडलं तरी ती आधी पाकीट उघडत नाहीत, खिडकीतल्या काकांचा चेहरा वाचतात. काका रक्त काढतात, काचा रंगवतात आणि बिचारे चेहरा कोरा ठेवायचा सराव करतात.

बाईंची धाकटी बहीण पोहायला शिकवायची. दुपारी डबा खायला ती इथंच यायची, ओल्या केसांनी, सगळीकडे पाणी ठिबकवत. माझी घंटा वाजली की दारातूनच ओरडायची, "कुणाचे शंभर भरले गं, ताई?" बाई रागावायच्या. "अगं, बाहेर पेशंट बसलेत!" पण हसायच्याही.

एका दुपारी ती आली तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर निळे डाग होते.

"हे काय?"

"तलावाच्या कठड्याला आपटते गं सारखी. आणि ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतंय, त्याला काहीतरी दे."

"आणि हे आज सांगतेस?"

काकांनी रक्त काढलं, काच रंगवली, वाळवली. बाईंनी ती भिंगाखाली सरकवली. एरवी बाईंचं बोट माझ्यावर पावसाच्या सरीसारखं नाचतं. त्या दिवशी ते पहिल्याच पेशीला थेट टोकाच्या कळीवर गेलं, तिथं थांबलं, आणि मागं आलं. शेजारची कळ दाबली. टक. लिम्फोसाइटची, म्हणजे साध्या, रोजच्या पांढऱ्या पेशीची.

पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा.

"व्हायरल असेल," बाई पुटपुटत होत्या. "व्हायरलमध्ये दिसतात अशा."

घंटा वाजली. बाहेरून आवाज आला, "कुणाचे शंभर भरले गं?"

बाईंनी बाजूची चकती फिरवून सगळे आकडे शून्यावर आणले आणि पुन्हा मोजायला बसल्या. बोट पुन्हा टोकाला जाऊन माघारी फिरलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, बाई, दाबा ती कळ! हा आजार वाट बघत नाही, एकेक दिवस मोलाचा असतो, असं तुम्हीच फोनवर लोकांना सांगता ना? मग स्वतःच्या डोळ्यांवर कातडं का ओढताय? पण मला आवाज एकच, घंटेचा, आणि तोही शंभर भरल्यावरचा.

"ताई, भूक लागलीय."

"जरा कळ काढ गं. आलेच."

ती कुठली थांबतेय! सरळ आत आली, बहिणीच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि माझ्या कळांशी खेळू लागली. टोकाच्या कळीवर बोट ठेवून तिनं जोर लावला. टक.

"ही का एवढी कडक?"

"ती... लागत नाही फारशी."

"लागत नाही तर ठेवलीस कशाला?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या शेवटच्या खिडकीत एक दिसत होता, तिच्याच बोटानं आलेला. मग बाईंनी चकती फिरवली, डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा मोजलं. या वेळी बोट माघारी फिरलं नाही. कळ करकरली, रुतली, मोकळी झाली. घंटा वाजली तेव्हा शंभरातल्या निम्म्याहून जास्त टोकाच्या खिडकीत होत्या. धाकटीनं तोंड उघडलं होतं, पण बहिणीचा चेहरा बघून ती तिचा विनोद गिळून बसली. काकांनी दार लोटून घेतलं.

त्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. औषधांनी केस गेले. टकलावर ती पोहायची रबरी टोपी घालून यायची. "आता केस कोंबायला नकोत, किती सोय!" मधे एकदा घंटा वाजली तेव्हा शेवटच्या खिडकीत शून्य होतं. बाईंनी कपाळ माझ्यावर टेकवलं आणि हुंदके देऊन रडल्या. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. आता गंजू दे ती कळ खुशाल.

आज पुन्हा धाकटीची काच आलीय. मोठ्या रुग्णालयात दुसरे डॉक्टर मोजतीलच, पण बाईंना धीर नाही. बोट आता अडखळत नाही. ती कळ लोण्यासारखी मऊ झालीय, तिच्यावरची अक्षरंही पुसट झालीत. तिच्या खिडकीत पुन्हा आकडे चढलेत. सगळे मिळून नव्याण्णव झालेत. बाईंनी बोट अधांतरी धरलंय.

बाहेरच्या बाकावरून बारीक आवाज येतो, "ताई, अजून भरले नाहीत ना गं?"

"नाही गं," बाई म्हणतात. "अजून नाही."

बाई, त्या दिवशी दाबा म्हणून मीच ओरडत होतो. आज हात जोडून सांगतो, जोडायला हात नाहीत तरी सांगतो, नका दाबू. माझी घंटा काढून घ्या, मला भंगारात टाका, पण ही एवढी एक टक राहू द्या. ती बाहेर ऐकतेय.