जावयाचा हूक

"पाठ कर इकडे," मी लंबूला म्हटलं. त्याने मुकाट्याने पाठ केली. मी त्याचा पट्टा धरून असा हिसका दिला की बेटा कोलमडता कोलमडता राहिला. हूक दोराला घट्ट होता. मग सोडला त्याला शिडीवर.

छपरांवर पत्रे बसवणाऱ्यांचा मी मुकादम. आमच्याकडे प्रत्येकाचा दोर वर आढ्याच्या लोखंडाला बांधून शिडीपाशी खाली सोडलेला असतो. कमरेच्या पट्ट्याचा हूक त्यात अडकवायचा, माझा हिसका खायचा, मगच वर चढायचं. शिव्या मी भरपूर देतो, पण माझ्या हाताखालचा एकही माणूस आजवर खाली पडला नव्हता.

हिसक्यातून फक्त एक जण सुटायचा. माझा जावई. त्याचा कारखाना बंद पडला म्हणून चार महिन्यांपूर्वी मीच त्याला कामावर घेतलं. आता ज्याला घरी अहो-जाहो करायचं, ज्याच्यासाठी बसलेलं उठायचं, त्याला आठ माणसांदेखत पट्ट्याला धरून गदागदा कसं हलवणार? मला नाही जमलं. तो आला की मी भलतीकडे बघत विचारायचो, "लावलाय ना?" तो म्हणायचा, "हो मामा." झाली तपासणी.

एके दिवशी लंबू हळूच जवळ आला. म्हणाला, "मुकादम, रागावू नका. जावईबापूंचा हूक दोराला नसतोच. स्वतःच्याच पट्ट्याच्या कडीत अडकवतात. दोर पायात येतो म्हणतात."

संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो, ती वाळलेले कपडे घड्या करत होती. तिला म्हटलं, तू सांग त्यांना. तर माझ्यावरच उखडली. माझं ऐकतात होय ते, म्हणाली. आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे असता म्हणून तर मी निर्धास्त असते." उद्या सांगतो म्हणालो आणि निघालो.

उद्या उजाडला तो वारा घेऊनच. आम्ही ज्याचे पत्रे बदलत होतो ते गोदाम जुनं होतं, सैल पत्रे सकाळपासून खडखडत होते. उजेडासाठी मधे मधे प्लॅस्टिकचे पत्रे घातलेले, माणसाचं वजन न पेलणारे, आणि कुणा शहाण्याने सगळ्या छपराला एकच रंग फासलेला. प्लॅस्टिक कुठलं, लोखंड कुठलं, काही कळत नव्हतं. मी सगळ्यांना बजावलं की नटांच्या रांगेवरूनच चाला, तिथे खाली लोखंडी तुळई आहे. त्या दिवशीही जावयाला नुसतं "लावलाय ना?" विचारलं. संध्याकाळी एकटं गाठून सांगू म्हटलं.

दुपारी सगळे जेवायला खाली आले. जावई एवढी रांग संपवतो म्हणून वरच राहिला. मी मान वर केली. तो अगदी कडेला वाकला होता, वाऱ्याने सदरा फुगला होता, आणि कमरेचा हूक त्याच्याच कडीत चमकत होता. दोर बाजूला लोंबत होता.

माझा आवाज चार गल्ल्यांपलीकडे जातो. एक हाक पुरली असती. पण बाकीचे सगळे डबे उघडून बसले होते. त्यांच्यादेखत जावयाचा पाणउतारा करायचा? म्हटलं, वर जावं, कानात सांगावं, दोन शब्दांचं तर काम. माझा पट्टा खुंटीला होता. दोन शब्दांसाठी कोण पट्टा बांधतो?

वर गेलो. नजर सारखी त्याच्या हुकावर. जवळ गेल्यावर हळू म्हटलं, "अहो, तो हूक जरा…"

तो वळला. माझ्या पायाखाली काहीतरी मऊ लागलं. तिथे नट नव्हते. त्याने झेप घेऊन हात पुढे केलेला मला दिसला, आणि मग छप्पर वर राहिलं.

दोन ऑपरेशनं झाली. पायांत जीव काही परत आला नाही. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती, हे मी सगळ्यांना सांगितलं. जावई मात्र कित्येक दिवस माझ्या पायांकडे बघायचा नाही.

सात महिन्यांनी तोच म्हणाला, हात शाबूत आहेत ना, मग चला. चाकाच्या खुर्चीतून त्याने मला कामावर नेलं, शिडीपाशी बसवलं. मी एकेकाला हिसका दिला. लंबू, मग बाकीचे. शेवटी तो आला, आणि सवयीने माझी नजर भलतीकडे गेली.

"मामा, माझा राहिला."

"अहो, तुम्ही लावला असेल…"

"अहो नका म्हणू," तो म्हणाला. "लंबूला म्हणता तसं म्हणा."

सगळे थांबून बघत होते. कसाबसा म्हणालो, "पाठ कर इकडे."

त्याने पाठ केली, आणि माझा हात पोचावा म्हणून गुडघे टेकून खाली बसला. मी दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं. हूक दोराला घट्ट होता. तरी मी आणखी एकदा ओढून पाहिलं.