परत आलेली नावं

आराखड्यातले सगळे रकाने भरले होते, एक सोडून. 'सांदिक' हा बॅकअपचा फुकट आणि खुला प्रोग्राम. देशोदेशीची हौशी मंडळी तो मिळून सांभाळत, आणि कुणाचं काम आत घ्यायचं, कुणाचं परत पाठवायचं, याचा शेवटचा शब्द बिश्केकच्या बेगाइमचा. सांदिकच्या जुन्या, रेंगाळत चालणाऱ्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या छोट्या याद्या, एकेक करून वेगवान सी भाषेत न्यायच्या, असं ठरलं होतं. कुठली आधी, कुठली मागून, कोण करणार, हे सगळं तिने मांडलं होतं. उरली होती ती 'परत-आण' नावाची स्क्रिप्ट, गेलेल्या फायली बॅकअपमधून काढून जागच्या जागी ठेवणारी.

"हिच्यासमोर कोणाचं नाव?" इस्केंदेरने विचारलं. तिचा जुना सहकारी. टेबलापलीकडे बसून सामसा खात होता. "का लाडकीला घराबाहेर काढवत नाही?"

"बघते."

"दोन वर्षं बघतेच आहेस. तो नारिनचा मास्तर करत होता ना, कुबात? तुझ्या चाळणीतून काही उतरला नाही बिचारा. लोक अजून म्हणतात, तपासावं तर बेगाइमने."

ते कौतुक ऐकून बेगाइमने चहाचा कप बाजूला सारला.

परत-आण तिने कॉलेजात असताना लिहिली होती. सांदिकमधल्या बाकी सगळ्यावर दहा जणांचे हात फिरले होते. ही तेवढी अजून तिची होती. या पोरीला एक खोड होती. फायलीच्या नावात मोकळी जागा आली, की नाव तिथेच संपलं असं ती धरून चालायची. नावं जोडून लिहा की, असं बेगाइम वर लोकांनाच सुनवायची. कुबातने तिला सीमध्ये उतरवताना ती खोडही काढून टाकली. काम उत्तम होतं. पहिल्या वाचनात बेगाइमला ते कळलं आणि त्याच वाचनात तिच्या पोटात दुखलं. मग तिने नियमांवर बोट ठेवायला सुरुवात केली. तुकडे लहान कर. चाचण्या वाढव. ही ओळ बरी दिसत नाही. तो दर वेळी मुकाट्याने दुरुस्त करून नवी फेरी पाठवायचा. सहाव्या फेरीनंतर त्याने लिहिलं, 'एजे,' म्हणजे ताई, 'आता माझ्याने होत नाही.' तिने उत्तर दिलं, 'वाईट वाटलं. दार कायम उघडं आहे.' सगळ्या मंडळींनी ते वाचलं. आतून कडी तिनेच लावली होती, हे कुणाला दिसलं नाही.

शनिवारी ती शेअर टॅक्सीने दोलोन घाट ओलांडून नारिनला गेली. मिठाईचा पुडा घेतला होता. वाटेत काय बोलायचं ते घोकलं होतं.

कुबातने दारातच तिच्या हातून पिशवी घेतली. "एजे, तुम्ही कशाला एवढ्या लांब? फोन करायचा."

"फोनवर सांगण्यासारखं नाही."

"आधी नान तोडा, मग सांगा," त्याची बायको जाझगुल म्हणाली. तिने बोर्सोकची, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, रास ओतली आणि चहा गाळला. बेगाइमने नानचा तुकडा तोडला. कोऱ्या भिंतीवर एका म्हातारीचा फोटो होता, पांढरा रुमाल बांधलेली.

"कुबात, तुझं परत-आणचं काम पुन्हा पाठवशील? या उन्हाळ्यात घ्यायचंय."

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"आपा गेली वसंतात," तो म्हणाला. आपा म्हणजे त्याची आई. "हिवाळाभर मी तिचा आवाज भरत होतो. ती बोलायची, मी फायलीला नाव द्यायचो. 'आपा पाळणा'. 'आपा दुष्काळ'. 'आपा पांढरी घोडी'. तिच्यामागे महिनाभरात डिस्क बसली."

"बॅकअप?"

"होता की. सांदिकचाच. पण माझं काम तुम्ही नको म्हणालात ना, तेव्हा मी ते मशीनवरून पुसून टाकलेलं. बघवत नव्हतं. तुमचीच स्क्रिप्ट चालवली."

पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. प्रत्येक नाव मोकळ्या जागेशी तुटलं असणार. सगळ्यांचं एकच झालं असणार, 'आपा', आणि प्रत्येक फाइल आधीच्या फाइलवर बसून तिला पुसत गेली असणार.

"परत ठेवलेली फाइल तुमची स्क्रिप्ट बॅकअपमधून काढून टाकते, त्यामुळे तिकडेही काही उरलं नाही. शेवटची तेवढी राहिली," तो म्हणाला, आणि फोनवर ती फाइल लावली.

आधी कपाचा आवाज आला. मग एक खरखरीत, हसरा आवाज. "कुबात, बंद केलंस का रे हे? चहा गार होतोय." संपलं.

जाझगुल उठून आत गेली.

बेगाइमचं घोकलेलं सगळं गेलं. "तुझ्या कामात खोट नव्हती," ती म्हणाली. "एकही नाही. स्क्रिप्ट माझी होती, मला ती जायला नको होती. म्हणून तुला पळवत राहिले."

"ठाऊक आहे."

तिने वर पाहिलं.

"चौथ्या फेरीत तुम्ही एका ओळीला नावं ठेवली होती. ओबडधोबड आहे म्हणालात. ती मी तुमच्या स्क्रिप्टमधून जशीच्या तशी घेतलेली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मोठ्या. सगळ्यांदेखत तुम्हाला खोटं पाडू?" त्याने तिचा कप पुन्हा भरला, अर्धाच, पाहुण्याला भरतात तसा. "मी नाही पाठवणार, एजे. तुमच्याकडे आहेच ते सगळं. चौथी फेरी घ्या. पुढच्या दोन मी तुमच्या मनासारख्या करता करता बिघडवल्या."

तिला रडू आलं असतं, पण या घरात रडायचा हक्क आपला नाही, हे तिला समजत होतं. तिने फक्त फायलींची नावं विचारली. आठवतील तेवढी त्याने सांगितली, खिडकीकडे बघत. सहा-सात झाल्यावर म्हणाला, "बस आता."

सोमवारी इस्केंदेरने आराखडा वाचला. परत-आणसमोर कुबातचं नाव होतं, चौथी फेरी. उशिराचं कारण या रकान्यात लिहिलं होतं: बेगाइमने विनाकारण अडवलं.

"हे सगळे वाचणार," तो म्हणाला.

"वाचू देत."

"शब्द तरी मऊ कर."

"नाही."

तिने कुबातचं काम आत घेतलं आणि शेवटी एक चाचणी जोडली. चाचणीत रिकाम्या फायली तयार करायच्या, बॅकअपमध्ये टाकायच्या, मूळ पुसायच्या आणि परत आणायच्या. एरवी अशा फायलींना कुणी क, ख अशी नावं देतं. तिने त्याने सांगितलेली नावं दिली. मग चाचणी चालवली.

'आपा पाळणा' आली. 'आपा दुष्काळ' आली. 'आपा पांढरी घोडी' आली. नावं सगळी, जशीच्या तशी.

"पास," इस्केंदेर म्हणाला.

बेगाइमने पहिली फाइल उघडून पाहिली. आत काही नव्हतं.