पिशवीच्या जागी अनोळखी वस्तू

बारा वर्षं ज्या सुपरमार्केटातून मावशींनी मीठ-साखर आणली, तिथल्या यंत्राने त्यांच्या पिशवीला चारचौघांत 'अनोळखी वस्तू' म्हणावं, हे त्यांच्या फार मनाला लागलं होतं. पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली. दुहेरी कापड, पक्के टाके, रुंद पट्टे. अनोळखी म्हणे!

महिन्यापूर्वी तिथले सगळे काउंटर काढून सहा यंत्रं बसवली होती. वस्तूवरच्या काळ्या रेघा आपणच काचेसमोर धरायच्या, शेजारच्या पाटावर ठेवलेल्या पिशवीत वस्तू आपणच टाकायची, पैसे आपणच भरायचे. सगळी हमाली आपली आणि यंत्र काय करणार, तर शेवटी 'धन्यवाद' म्हणणार. कॉलेजातली पोरं खूश होती, दोन मिनिटांत बाहेर. एक निवृत्त मास्तर यंत्राला दर खेपेला उलट उत्तरं देत. बिलं करणाऱ्यांपैकी एकच बाई शिल्लक ठेवली होती. ती गळ्यात कार्ड अडकवून सहा यंत्रांच्या मध्ये उभी राही आणि लाल दिवा लागला की धावे. कार्ड टेकवलं की दिवा विझे. तो का लागला होता, हे बघायला तिला तरी सवड कुठे होती?

गेल्या शनिवारी मावशींच्या यंत्रावर चारदा लाल दिवा लागला. मागची रांग खोळंबली आणि मॅनेजरने थेट मावशींच्या लेकाला फोन लावला.

लेक वाईट असता तर सोपं होतं, भांडता तरी आलं असतं. तो फार चांगला होता. "आई, तुला कशाला त्रास?" असं म्हणत त्याने एकेक गोष्ट स्वतःकडे घेतली होती. आधी पडदे शिवायच्या दुकानाची किल्ली, मग बँक, मग विजेचं बिल. चाळीस वर्षं अख्ख्या गावाचे पडदे शिवलेल्या बाईकडे आता शनिवारची ही खरेदी तेवढी उरली होती. आणि तो म्हणाला, "आई, फोनवरून मागवतो ना सगळं. तुला कशाला त्रास?"

मावशींचं पित्त खवळलं. "येत्या शनिवारी एकही लाल दिवा लागू न देता सामान आणते," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर कर तुझा फोन. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि मध्ये पडायचं नाही."

"कबूल," लेक म्हणाला.

म्हणून आज तो दाराजवळ ट्रॉल्यांच्या रांगेपाशी हाताची घडी घालून उभा होता. कार्डवाल्या बाईलाही मावशींनी आल्या आल्या बजावलं होतं, "मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही."

"पण मावशी, पिवळा दिवा दोनदा लागला की तिसऱ्यांदा लालच लागतो हं," ती हळूच म्हणाली.

मावशींनी चष्मा पुसला. पडद्यावरचं 'स्वतःची पिशवी आणली आहे' हे बटण दाबलं. पिशवी पाटावर ठेवली.

"पिशवीच्या जागी अनोळखी वस्तू आहे," यंत्र म्हणालं. पिवळा दिवा.

मावशींनी पिशवी उचलली. यंत्र गप्प. जरा थांबून पुन्हा ठेवली.

"पिशवीच्या जागी अनोळखी वस्तू आहे." पुन्हा पिवळा.

आता एकच संधी उरली. लेकाकडे बघायचं नाही, असं मावशींनी ठरवलं. शेजारच्या यंत्रावरच्या मुलीनेही कापडी पिशवीच ठेवली होती. तिच्यावर हे का ओरडत नाही? तिची पिशवी म्हणजे नुसतं फडकं, बसलीही नव्हती धड, लोळत होती. आणि मावशींची कशी, तोंड उघडं ठेवून ताठ उभी राहायची.

ताठ का उभी राहते?

मावशींनी पिशवीच्या तळाची शिवण चाचपली आणि कपाळाला हात लावला. तळाच्या पट्टीत पाच शिशाच्या चकत्या होत्या. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या पट्टीत घालतात, तसल्या. त्यांनीच घातल्या होत्या. हाताला सवयच तशी, खालची पट्टी दुमडली की चकती आत. यंत्र बिचारं खरंच बोलत होतं. पाटाखालच्या काट्याला चकत्यांचं जास्तीचं वजन लागत होतं.

त्यांनी पर्समधून धागे कापायची छोटी कात्री काढली आणि तिथेच उभ्या उभ्या शिवण उसवायला घेतली. स्वतःचे पक्के टाके उसवताना जिवावर आलं, पण हात थांबला नाही.

"आजी, शिवणक्लास आहे का इथे?" मागच्या जाड्या गृहस्थाने विचारलं.

"उसवणक्लास आहे. फी नाही. हात पुढे करा," मावशी म्हणाल्या आणि पहिली चकती त्याच्या तळहातावर ठेवली. तो इतका गोंधळला की पाचही चकत्या होईपर्यंत हात तसाच धरून राहिला.

पिशवी पाटावर ठेवली. यंत्र गप्प. कार्डवाल्या बाईने तिकडून डोळे मोठे केले. मग साखर, साबण, पीठ, बटाटे, सगळं एकेक करून काचेसमोर गेलं. सुट्या कांद्यांवर रेघा नव्हत्या, त्यांचं पडद्यावरचं चित्र शोधायला वेळ लागला, पण सापडलं. पैसे भरले. हिरवा दिवा लागला.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं.

"असू दे," मावशी म्हणाल्या. गृहस्थाकडून चकत्या परत घेऊन त्यांनी पर्समध्ये टाकल्या आणि भरली पिशवी खांद्याला लावून त्या मान वर करून दाराकडे निघाल्या.

लेक हसत होता. त्याने हात पुढे केला. "आण आई, तुला कशाला..." आणि त्याने जीभ चावली.

पावती नीट ठेवावी म्हणून मावशींनी पिशवी क्षणभर खाली टेकवली. चकत्या काढलेली पिशवी ती, कसली उभी राहते! आडवी झाली आणि दारभर कांदे घरंगळले.

लेक झटकन वाकला. अर्ध्यावर थांबला. मग सरळ झाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले. किती जोर लावून धरले होते, ते मावशींना दिसलं. या पोराचा त्यांना इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. त्या सावकाश खाली बसल्या आणि एकेक कांदा गोळा करू लागल्या. बाहेर जाणारी माणसं वळसा घालून गेली. कुणीकुणी त्या धडधाकट मुलाकडे रागाने बघितलं. तो हलला नाही.

"आई," थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक माझ्या बुटामागे आहे."

"दिसतोय मला," मावशी म्हणाल्या. "पाय उचल."